रोग होण्याआधीचा उपचार
(वर्षावास प्रवचनमालेत धानोरा, जि. नंदुरबार येथे संस्थेच्या आरोग्य समितीतर्फे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी समितीने जो विषय निवडला, तो ऐकून काही जणांनी आम्हास विचारले की, ‘धानोऱ्यात बसून चिनी वैद्यकाचे आपल्याला काय काम?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. एक भाग अभिमानाचा आहे आणि दुसरा आमच्या चुकीचा. चूक आधी सांगतो. कारण ती लपवून आरोग्यावर बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी बाहेरगावचे एक पथक आले. चिनी पद्धतीने केवळ बिंदू दाबून सर्व रोग बरे करतो, असे त्यांचे सांगणे होते. लोकांची सोय होईल या सद्हेतूने आपण आपले सभागृह त्यांना तीन दिवस दिले, पत्रके वाटली, ध्वनिक्षेपकावरून पुकारा केला. आपल्याच वस्तीतील एक ज्येष्ठ उपासक मधुमेहाच्या गोळ्या घेत असत. पथकातील मंडळींनी त्यांना गोळ्या बंद करायला सांगितले आणि एक चुंबकाची पट्टी दिली. त्यांनी विश्वास ठेवला. तो विश्वास त्या पथकावर नव्हता, आपल्या विहारावर होता. पुढे पायाच्या अंगठ्याला साधी ठेच लागली, जखम चिघळली आणि काही महिन्यांत पाय घोट्याच्या वर कापावा लागला. ते आजही कुबडी घेऊन वंदनेला येतात. आम्हाला एका शब्दाने दोष देत नाहीत. म्हणूनच ही गोष्ट मनातून जात नाही.

त्या घटनेनंतर समितीने ठरविले की, खरे चिनी वैद्यक काय सांगते, त्यातले काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा नीट अभ्यास करून तो समाजापुढे ठेवायचा. आजचे व्याख्यान हे त्या अभ्यासाचे फळ आहे आणि काही अंशी प्रायश्चित्तही.

धम्माच्या वाटेने झालेली देवाणघेवाण

आता अभिमानाचा भाग. भारत आणि चीन यांच्यात आरोग्यविचाराची देवाणघेवाण झाली ती प्रामुख्याने भिक्खूंच्या हातून. ह्यू-एन-त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला, हे आपण शाळेत शिकलो. त्याच्यानंतर आलेल्या इत्सिंगविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. इ. स. ६७१ मध्ये तो समुद्रमार्गे निघाला, नालंदा येथे सुमारे दहा वर्षे राहिला आणि ६९५ मध्ये मायदेशी परतला. भारतीय विहारांतील दिनचर्येचा त्याने जो वृत्तांत लिहिला, त्यात आरोग्याच्या बारीकसारीक बाबी आहेत. भिक्खू सकाळी दंतकाष्ठ चावून दात व जीभ स्वच्छ करीत. पिण्याच्या पाण्याचे भांडे वेगळे आणि शौचाच्या पाण्याचे वेगळे असे. पाणी गाळल्याशिवाय वापरीत नसत. जेवणानंतर हात व तोंड धुतल्याखेरीज कोणी दुसऱ्या वस्तूला स्पर्श करीत नसे. अंगात कसर जाणवली तर आधी लंघन करीत, मग औषध.

इत्सिंग स्वतः वैद्यकाचा जाणकार होता. वनौषधी व सुया टोचण्याची विद्या यांत आपला देश पुढे आहे, असे तो मोकळेपणाने लिहितो. पण विहारातील स्वच्छता आपल्या लोकांनी शिकावी, असेही तितक्याच मोकळेपणाने सांगतो. दुसऱ्याचे चांगले ते घ्यावे आणि आपले चांगले ते द्यावे, ही वृत्ती आज आपल्याला हवी आहे.

त्याही मागे गेलो तर विनयपिटकातील महावग्गात औषधांवर एक संपूर्ण खंधक आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे आजारी भिक्खूंना ठेवण्याची अनुज्ञा तथागतांनी दिली. अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या, कोणीही न विचारलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदासह आपल्या हातांनी धुतले, उचलून मंचकावर निजविले आणि ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने रुग्णाची सेवा करावी, असा संघाला उपदेश केला. आरोग्याचे काम हे धम्माचेच काम आहे, याला याहून मोठा आधार कोणता हवा?

सोलापूरचा डॉक्टर

आधुनिक काळातही या नात्यात एक मराठी माणूस अग्रभागी आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापूर येथे झाला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात कोटणीस होते, तसेच नागपूरचे डॉ. चोळकर आणि बंगालचे डॉ. बसूही होते. कोटणिसांनी आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकले, एका चिनी परिचारिकेशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या ३२ व्या वर्षी तेथेच देह ठेवला. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी काढलेला ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६ चा.

त्याच पथकातील डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला गेले आणि अॅक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचण्याची उपचारपद्धती, शिकून आले. कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली आणि तेथून ती भारतात पसरली. आपल्या महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा झालेला आहे. याचा अर्थ असा की, सुई टोचणाऱ्याकडे नोंदणी आहे का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. तो आपण त्या वेळी बजावला असता तर एक पाय वाचला असता.

तहान लागण्यापूर्वी विहीर

चिनी वैद्यकाचा सर्वांत जुना व मान्य ग्रंथ म्हणजे ‘हुआंगदी नेइजिंग’, म्हणजे पीत सम्राटाचा वैद्यकग्रंथ. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झाला. तहान लागल्यावर विहीर खणायची नसते, असे आपण मराठीत म्हणतो. नेमका हाच दाखला त्या ग्रंथात रोगप्रतिबंधासाठी दिलेला आहे. रोग जडल्यावर औषध देणारा वैद्य साधा. रोग होऊच न देणारा वैद्य श्रेष्ठ, असा त्याचा मथितार्थ आहे.

रोग कशाने होतो? चिनी वैद्य तीन प्रकारची कारणे मानतात. पहिली बाहेरची : वारा, थंडी, उन्हाळी उष्मा, दमटपणा, कोरडेपणा आणि दाह. दुसरी आतली : राग, अतिहर्ष, चिंता, शोक, भीती इत्यादी भावनांचा अतिरेक. तिसरी या दोन्हींत न बसणारी : अवेळी व अयोग्य आहार, अतिश्रम, अपघात, दंश. शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते आणि यिन व यांग या दोन परस्परपूरक तत्त्वांचा तोल बिघडला की रोग होतो, अशी त्यांची उपपत्ती आहे.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘ची’ वाहणारे मार्ग शवविच्छेदनात सापडलेले नाहीत. ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची शरीर समजून घेण्याची भाषा होती, जशी आपल्याकडे वात-पित्त-कफाची. भाषा जुनी असली तरी निरीक्षण खरे असू शकते आणि निरीक्षण खोटेही असू शकते. म्हणून प्रत्येक गोष्ट तपासून घ्यायची. केवळ परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, ही कालामांना दिलेली शिकवण औषधालाही लागू आहे.

याच संदर्भात संयुत्तनिकायातील सीवक सुत्ताचा उल्लेख आम्हाला आवश्यक वाटतो. माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्मामुळेच होते, हे मत तथागतांनी तेथे नाकारले आहे. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, इजा अशी अनेक कारणे त्यांनी दिली आहेत. चिनी यादी आणि ही यादी शेजारी शेजारी ठेवून पाहा, किती साम्य आहे! ज्या समाजाला शतकानुशतके ‘हे तुमच्या मागल्या जन्माचे भोग’ असे ऐकविले गेले, त्याच्यासाठी हा विचार मुक्तीचा आहे. कारण माहीत झाले की निवारण करता येते.

घ्यावे ते

आता दैनंदिन व्यवहारात उतरणाऱ्या गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट पाणी. चिनी घरात गरम, उकळलेले पाणी पिण्याची सवय सार्वत्रिक आहे. पोटातील अग्नी विझू नये हे त्यांचे जुने कारण. जंतू मरतात हे आजचे कारण. कारण कोणतेही असो, फायदा एकच. संघाच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे, हे आपण जाणतो. बांगलादेशात जुन्या साडीच्या चार ते आठ पदरी घडीतून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला, तेव्हा पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले. आपल्या भागात पावसाळ्यात हातपंपाचे व विहिरीचे पाणी गढूळ होते. आधी गाळावे, मग चांगली उकळी येऊ द्यावी, झाकून ठेवावे आणि ओगराळ्यानेच घ्यावे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते पाण्यावरील हक्कासाठी. हक्क मिळाला, आता त्या पाण्याची शुद्धता राखणे आपल्या हाती आहे.

दुसरी गोष्ट पेज. चिनी वैद्यकात पोट हे आरोग्याचे केंद्र मानले जाते आणि आजाऱ्याला, वृद्धाला, बालकाला तांदळाची पातळ पेज देतात. महावग्गात तथागतांनीही पेजेचे दहा गुण सांगितले आहेत. ती बळ देते, भूक-तहान भागविते, वाताचे नियमन करते, पचनाला मदत करते, असे त्यात येते. आपल्याकडे तांदूळ असो, ज्वारीच्या कण्या असोत वा भगर, पातळ पेज प्रत्येक घरात करता येते. जुलाब सुरू झाले की अनेक घरांत मुलाचे खाणेपिणे बंद करतात. ही घातक चूक आहे. पेज द्या, आईचे दूध चालू ठेवा आणि क्षारसंजीवनी द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्याही घ्या.

तिसरी गोष्ट चालणे व कवायत. सातव्या शतकातील सुन सिमियाओ हा थोर चिनी वैद्य जेवणानंतर शतपावली करावी व पोटावरून हलका हात फिरवावा, असे सांगतो. त्याच्याही आधीचा हुआ तुओ वाघ, हरीण, अस्वल, वानर व पक्षी यांच्या हालचालींवरून बसविलेली कवायत करवून घेई. फिरत्या दाराच्या बिजागरीला कीड लागत नाही, तसे हलत्या शरीराला रोग लागत नाही, हा त्याचा विचार. आपल्या परंपरेत याला चंक्रमण म्हणतात. प्रवासाची ताकद, श्रमाची ताकद, निरोगीपणा, अन्नाचे पचन आणि चित्ताची एकाग्रता हे त्याचे पाच लाभ अंगुत्तरनिकायात आहेत. ताई ची या संथ चिनी कवायतीमुळे वृद्धांचे पडणे कमी होते, हे आधुनिक चाचण्यांतून दिसून आले आहे. आपल्या वस्तीत किती आजी-आजोबा न्हाणीत घसरून खुब्याचे हाड मोडून बसले, आठवून पाहा. रोज वंदनेनंतर दहा मिनिटे विहाराच्या अंगणात सर्वांनी सावकाश चालावे, एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव भिंतीला हात लावून करावा. खर्च काही नाही.

चौथी गोष्ट ऋतू. ‘हुआंगदी नेइजिंग’ सांगतो की झोप, श्रम व आहार ऋतूप्रमाणे बदलावा. हिवाळ्यात लवकर निजावे, सूर्य वर आल्यावर उठावे, ऊब राखावी. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि सातपुड्याच्या बाजूला हिवाळ्यात थंडी अंग कापते. भर उन्हात दुपारी १२ ते ४ शेतातील काम टाळावे, डोक्याला फडके, जवळ पाणी, ताक वा कैरीचे पन्हे. नंदुरबारच्या मिरची पथारीवर काम करणाऱ्या आपल्या भगिनींना नाकातोंडाची आग, खोकला व हाताची जळजळ नेहमीची. नाकातोंडावर ओला दुपट्टा, हाताला कामाआधी तेल, घरी आल्यावर लेकराला जवळ घेण्यापूर्वी हात साबणाने धुणे एवढे तरी पाळावे. मिरचीचा हात लेकराच्या डोळ्याला लागतो, हे त्यांना आम्ही सांगायला नको.

पाचवी गोष्ट दोन साधे बिंदू. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून आपलीच तीन बोटे वर, दोन शिरांच्या मध्ये ‘नेइग्वान’ हा बिंदू आहे. मळमळीवर तो उपयोगी पडतो, असे शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवरील अनेक चाचण्यांत आढळले आहे. तोरणमाळच्या घाटात बसमध्ये ज्यांना उलटी होते त्यांनी तो दोन-तीन मिनिटे दाबून पाहावा. दुसरा ‘झूसानली’, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे व नडगीच्या बाहेर एक बोट. थकलेल्या पायांना येथे चोळल्याने आराम वाटतो. याने रोग बरा होतो असा दावा आम्ही करीत नाही. गरोदर भगिनींनी मात्र अनोळखी माणसाकडून कोठलेही बिंदू दाबून घेऊ नयेत.

सहावी गोष्ट मन. रागाने यकृत, चिंतेने पचन, शोकाने फुप्फुस, भीतीने मूत्रपिंड बिघडते, असे चिनी वैद्य मानतात. अवयवांची ही जोडी शब्दशः घेण्याची गरज नाही. पण मनाचा शरीरावर परिणाम होतो, हे कोण नाकारील? आनापानसतीचा रोजचा सराव येथे उपयोगी आहे. परीक्षेच्या काळात ज्या विद्यार्थ्यांना झोप लागत नाही, जीव नकोसा वाटतो, त्यांनी ते लपवू नये. शासनाचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक अशाच बोलण्यासाठी आहे.

घेऊ नये ते

आता दुसरी बाजू. चिनी औषध म्हणून विकली जाणारी प्रत्येक पूड निर्धोक नसते. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. काहींना पुढे कर्करोगही झाला. त्या गोळ्यांत अॅरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती होती. वनस्पती आहे म्हणून अपाय नाही, हा समज सोडावा. आपल्या बाजारात लेबल नसलेल्या, सांधेदुखीवर हमखास म्हणून मिळणाऱ्या पुड्यांनाही हेच लागू.

इत्सिंगने सांगितलेले लंघन लहान मुले, गरोदर स्त्रिया व मधुमेही यांच्यासाठी नाही. बाळंतिणीला चिनी घरातही आपल्यासारखेच महिनाभर उबेत ठेवतात. ऊब ठीक, पण तिचे पाणी तोडणे, भाजीपाला तोडणे आणि बाळाला पहिले पिवळसर दूध न देणे हे चूक आहे. ते पहिले दूध म्हणजे बाळाचे पहिले संरक्षण.

सर्वांत महत्त्वाचे असे की, डॉक्टरने लिहून दिलेली मधुमेहाची, रक्तदाबाची, क्षयाची, फिटची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. बिंदू दाबा, कवायत करा, पेज प्या. पण गोळी चालू ठेवा.

परंपरेची परीक्षा कशी घ्यावी

परंपरा तपासली की काय मिळते, याचे उत्तम उदाहरण हिवतापाचे आहे. चौथ्या शतकातील गे हाँग या चिनी वैद्याने तापावर ‘छिंगहाओ’ ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस द्यावा, असे लिहून ठेवले होते. १९६७ मध्ये चीनने हिवतापावर संशोधन हाती घेतले, त्यात तू यूयू या महिला संशोधक पुढे सामील झाल्या. अनेक जुन्या नुस्ख्यांची चाचणी घेताना या वनस्पतीचा अर्क कधी गुण देई, कधी देत नसे. गे हाँगच्या कृतीत उकळणे नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, असा तर्क करून त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला आणि १९७१ मध्ये यश मिळाले. प्रथम तो त्यांनी स्वतः घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन हे औषध आले. २०१५ साली तू यूयू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज सातपुड्यातील एखाद्या पाड्यावर फाल्सिपेरम हिवतापाच्या रुग्णाला जी गोळ्यांची पट्टी मिळते, तिच्यात याच कुळातील औषध असते.

विद्यार्थी मित्रांनो, यातील बोध पाहा. तू यूयूंनी जुना ग्रंथ फेकून दिला नाही आणि त्याची पूजाही केली नाही. त्यांनी तो वाचला आणि तपासला. आपल्याला हीच वाट धरायची आहे. ताप आला की भगताकडे जाण्याआधी रक्त तपासा. गोळ्यांचा क्रम अर्धवट सोडू नका. डबकी बुजवा, आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी कोरडी करा, मच्छरदाणी लावा. डास चावण्याआधीचा हा उपचार.

सिकलसेल : आपल्या दारातील प्रश्न

एका आजाराविषयी स्वतंत्रपणे बोलणे आमचे कर्तव्य आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या जिल्ह्यातील आदिवासी बांधवांत आढळतो, हे सर्वांना ठाऊक आहे. विदर्भातील आपल्या बौद्ध समाजातही तो मोठ्या प्रमाणावर आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नाही. आपले सोयरसंबंध दूरवर जुळतात. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः सहसा ठणठणीत असतो, म्हणून तपासणीशिवाय कळत नाही.

कोणतीही सुई, बिंदू वा काढा हा आजार घालवीत नाही. पण थंडी, पाणी कमी पडणे, अतिश्रम व जंतुसंसर्ग यांनी वेदनेचा झटका येतो, म्हणून ऊब, भरपूर पाणी, विश्रांती व लसीकरण ही पथ्ये रुग्णाला जपतात. फॉलिक अॅसिड व डॉक्टरने दिलेले हायड्रॉक्सियुरिया नियमित घ्यावे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून शासकीय आरोग्य केंद्रात तपासणी होते. आम्ही नम्रपणे सुचवितो की, यापुढे मुलामुलींच्या परिचयपत्रात शिक्षण व नोकरीबरोबर सिकलसेल तपासणीची नोंद असावी. पत्रिका पाहणे आपण १९५६ साली सोडले. रक्त पाहणे आता सुरू करू. यात कोणाला कमीपणा नाही आणि वाहक मुलीचे लग्न मोडण्यासाठी या तपासणीचा वापर होता कामा नये. दोन वाहकांनी विवाहाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढाच तिचा उद्देश आहे.

आरोग्याचा शिपाई

चीनने १९६० च्या दशकाच्या अखेरीस शेतकऱ्यांतूनच निवडून, थोडे शिक्षण देऊन हजारो ‘अनवाणी डॉक्टर’ तयार केले. लसी, प्रसूती, स्वच्छता व साधी औषधे ही त्यांची कामे. महाराष्ट्रात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातील निरक्षर भगिनींना आरोग्यसेविका बनविले. त्यांत दलित भगिनीही होत्या आणि कालपर्यंत ज्यांना दारात उभे करीत नव्हते त्यांनाच बाळंतपणासाठी सन्मानाने बोलावू लागले. २००५ नंतर आलेल्या आशाताई या त्याच विचाराच्या पुढच्या कडी. सुन सिमियाओने वैद्याची जी आचारसंहिता लिहिली, तीत श्रीमंत-गरीब, आप्त-परका, शत्रू-मित्र असा भेद न करता सर्वांना एकाच करुणेने पाहावे, असे आहे. तिच्यावर बौद्ध विचाराची छाया अभ्यासकांना दिसते. समतेशिवाय आरोग्य नाही, हे त्याने साडेतेराशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

म्हणून समितीचे तीन संकल्प येथे जाहीर करतो. पहिला, नोंदणी प्रमाणपत्र तपासल्याशिवाय व आरोग्य केंद्राला कळविल्याशिवाय विहाराचे सभागृह कोणत्याही उपचार शिबिरास दिले जाणार नाही. दुसरा, दर पौर्णिमेला वंदनेनंतर मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांची विचारपूस होईल. गोळी संपली असेल तर तरुण मंडळी आणून देतील. मधुमेही व्यक्तींचे पाय त्या दिवशी पाहिले जातील. तिसरा, ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांकडे बालकांचे लसीकरण कार्ड, औषधे व क्षारसंजीवनीची पाकिटे आहेत का, हे निघण्यापूर्वी पाहिले जाईल. तंबाखू, मिश्री व गुटखा विहाराच्या आवारात बंद, हे वेगळे सांगावयास नको; इत्सिंगने दंतकाष्ठाचे कौतुक केले, पुडीचे नाही.

शेवटी एकच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला ते आपल्यातून गेले. मध्ये ५३ दिवस. मधुमेहाने व पायांच्या वेदनांनी ते जर्जर झाले होते, तरी लिहीत राहिले. आणखी दहा वर्षे त्यांना लाभली असती तर, हा विचार प्रत्येकाच्या मनात येऊन जातो. ती वर्षे आपण त्यांना देऊ शकलो नाही. आपल्या घरातील आई-वडिलांना, आणि जे कुबडी टेकत आज पहिल्या रांगेत बसले आहेत त्यांना, मात्र देऊ शकतो. व्याख्यानाआधी आम्ही त्यांची परवानगी मागितली, तेव्हा ते म्हणाले, ‘सांगा, सगळे सांगा, म्हणजे दुसऱ्याचा पाय वाचेल.’ आमच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा त्यांचे हे एक वाक्य घरी घेऊन जावे, ही विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!